टोपीतली ओटी

बेळगावहून निपाणीला हल्ली मोटार जाते. खिडकीजवळ जागा मिळाली तर काकती मागं पडायच्या आत डुलकी लागते आणि तवंदीच्या घाटात डोकं पुढच्या दांडीवर आपटून जाग येते. धूळ झटकून उतरलं की झाला प्रवास. म्हणून तुमच्यापैकी कुणी निपाणीला जाऊन आलं असलं तरी ते गेलेलं नाही, असंच मी धरून चालते.

मी गेले ती बैलगाडीनं. पहिली लढाई संपली त्यानंतरच्या थंडीत. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला सासू, मधे मी आणि माझ्या पोटात पाचवा महिना. कामही साधंसुधं नव्हतं. कलेक्टरसाहेबाला राज्य कसं करावं ते सांगायचं होतं.

कल्पना अर्थात माझीच. शेवंता, म्हणजे तेव्हाची मी, वाडीतली एकुलती एक चौथी पास बाई होती आणि हे ती कुणाला विसरू देत नसे. विहिरीवर घागर भरतानासुद्धा ती पुस्तकातल्यासारखी बोलायची. ‘सख्यांनो, किंचित सरता का?’ आता आठवलं की तिला त्याच विहिरीत ढकलावंसं वाटतं.

आमच्या दोन वाड्या येळ्ळूरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. वरची माझं माहेर, खालची सासर. नावं सांगत नाही. दोन्हीकडची माणसं हयात आहेत आणि आता वाचायलाही लागली आहेत. मधे एक जुनं तळं होतं, त्याचं पाणी दोघांना पुरायचं. एका पावसाळ्यात त्याचा बांध फुटला. आम्ही सरकारला कळवलं. सरकारनं कळवून घेतलं. मग राहिला नुसता ओढा. उन्हाळ्यात वरच्यांनी तो माती घालून अडवला, खालचे ती माती काढायला कुदळी घेऊन गेले, आणि माती राहिली बाजूला, माझ्या दिरानं माझ्या भावाचा हात मोडला. दिराच्या कपाळालाही ही एवढी खोक पडली. दोन्हीकडच्यांनी आपापल्या देवळात भंडारा उचलला: त्या वाडीचं अन्न नको, पाणी नको. भंडारा म्हणजे देवीची हळद. ती हातात घेऊन बोललेला शब्द आमच्याकडं कोर्टाच्या निकालाहून पक्का.

यावर मात्र सरकारनं लगोलग पैसा काढला. बांधासाठी नव्हे. दोन्ही वाड्यांचे रस्ते फुटतात त्या तिकटीवर पोलीस चौकी घातली, ज्यादा शिपाई बसवले आणि त्यांच्या खर्चातला वाटा आमच्या दोन्ही वाड्यांवर टाकला. शिपाई तसे सज्जन. दिवसभर बाजेवर बसून ओढ्याकडं बघत असत.

अशात मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्हाला सांगायला नको. माझं माहेर इतकं जवळ की आईनं चुलीत ओलं लाकूड घातलं तर तो धूर मला इकडून दिसायचा. पण भंडारा आडवा. आत्तीनं (सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात) एकदाच सांगून टाकलं होतं, “बाळातपण हितंच हुईल. त्यांच्या घरचा घोट प्यालीस तर पोराला लागंल.”

आणि डोहाळे लागले ते नेमके आईच्या हातच्या पेजेचे. वरच्या वाडीत तांबडा, जाडा तांदूळ पिकतो. खाली पांढरा, बारीक. मला तांबडी पेज हवी होती, वर लसणीचा खर्डा. बाकी काही पोटात ठरेना. जीव कसा तो थाऱ्यावर नव्हता. या दारातून त्या दारात नुसती येरझार. आत्ती म्हणायची, “बस की गं खाली, पोराला भोवळ यील.”

मग शेवंतेनं ठरवलं की थेट कलेक्टरला सांगायचं: चौकीवर घालताय तो पैसा बांधावर घाला, भांडणाचं मूळच जाईल. राज्यकारभार वगैरे सगळं खरं. मूळ कारण पेज.

पुरुषांनी अर्ज करून पाहिले होते. वरच्यांचा खालच्यांवर, खालच्यांचा वरच्यांवर. कचेरीनं दोन्ही एका दोरीनं बांधून ठेवले. बायकांचं आठवडी बाजारात ठरलं, भाजीच्या पाट्यांआडून. कलेक्टरच्या मडमेची ओटी भरायची. ओटी भरून घेतलेली बाई आपल्याला रिकाम्या हातानं लावून देत नाही, असा आमचा कायदा. गाडीभर बायका येणार होत्या. निघायच्या दिवशी एकीची म्हैस व्याली, एकीच्या नवऱ्याला वास लागला, एकीला हुडहुडी भरली. पण प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ आला. “मी न्हाय आलो तरी माझी मूठ येऊ दे,” असं म्हणून. (आमच्याकडं बायकाही ‘आलो, गेलो’च म्हणतात.) दोन वाड्यांची दोन गाठोडी झाली. आत्ती येणाऱ्यांत नव्हतीच. पण सून विहिणीबरोबर जाणार हे कानावर गेल्यावर ती आधी गाडीत जाऊन बसली. पुरुषांना सांगितलं, पहिलटकरणीचा नवस आहे. नवसाला कोण नाही म्हणतो?

वडगाव

ओटीला खण पाहिजे, म्हणून पहिला थांबा वडगावला, मल्लव्वाक्काच्या घरी. ती आत्तीची बाजारातली मैत्रीण. वडगावात शिरलं की प्रत्येक दारातून माग खटखटतो. दोन घरांच्या मधल्या बोळात उभं राहिलं तर आपणच धोट्यासारखं इकडून तिकडं चाललोय असं वाटतं. माणसं खड्ड्यात पाय सोडून विणत असतात आणि पाहुण्याशी बोलताना हात थांबवत नाहीत. आमच्याकडं पाहुणा आला की हातातलं काम खाली ठेवतात. शेवंतेला तो अपमान वाटला. मल्लव्वाक्का मागावरूनच म्हणाली, “ये गं, बस. हात थांबला तर सूत रुसतंय, तू न्हाय रुसनार.”

तिनं हिरवा खण काढून दिला. मग विचारलं, “मडमेला खण कशाला? ती चोळी शिवंल व्हय?”

“न शिवली तर उशी शिवंल,” आत्ती म्हणाली. “आपन घालायचं काम करायचं.”

तिथून बेळगावच्या कचेरीत. शेवंतेची समजूत अशी की आपण पायरी चढलो की कारकून उठून उभे राहतील. एक पट्टेवाला तेवढा उभा होता, तोही आधीपासून.

“साहेब कँपला गेलेत. निपाणीला.”

“कधी परततील?” मी पुस्तकी विचारलं.

“आले की.”

थंडीत साहेबलोक डेरे घेऊन जिल्हाभर फिरत, हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं. आई म्हणाली, “चला माघारी.” आत्तीनं लगेच, “तुज्या आईला सांग, तिला जायचं तर जाऊ दे. आमी घरा-घराच्या मुठी घिऊन निघालोय.” झालं. आता आई कशी परत फिरते?

काकती ते संकेश्वर

गाडी येळ्ळूरच्या गणूआप्पाची. तो कुठल्याच वाडीचा नसल्यामुळं दोघींना चालला, आणि त्यामुळंच दोघी त्याला हुकूम सोडायच्या. एक म्हणे बैल हाक, दुसरी म्हणे थांबव. गणूआप्पा दोन्ही ऐकायचा आणि बैलांना जे वाटेल ते करू द्यायचा.

गाडीत पाण्याच्या घागरी दोन, भाकरीची फडकी दोन, तांदळाची गाठोडी दोन. आणि बोलायचं तोंड एकच, ते माझं. विहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. माझ्यामार्फत बोलत होत्या.

“तुज्या सासूला सांग, पाय जरा आवर. माझ्या गाठुड्याला लागतोय.”

“तुज्या आईला सांग, पाय माझा न्हाय, गाडीचा दांडा हाय. डोळं फुटलं असतील तर बेळगावात मोठा दवाखाना हाय.”

“सांग, दवाखान्यात माझ्या ल्येकाचा हात बांधून आलोय. वाट ठावं हाय मला.”

“सांग, माझ्या ल्येकाचं कपाळ बी तितंच शिवलंय.”

मधे मी. पोटातलं पोर लाथा मारायला तेव्हाच शिकलं असावं. मार्कंडेय नदी ओलांडताना उतारावर गाडी डाव्या अंगाला कलली, मी आईवर पडले. उजवीकडं कलली, आत्तीवर. दोघींनी मला आपापल्या बाजूला घट्ट धरून ठेवलं, तेवढा एक वेळ दोघी गप्प होत्या.

काकतीपुढं मुलूख बदलत जातो. आपल्याकडची भाताची खाचरं संपतात, डोंगर बाजूला सरकून बसतात आणि जोंधळा सुरू होतो, माणसाच्या डोक्यावर जाईल इतका. आभाळही मोठं वाटतं. तिकडच्या बायका पदर उजव्या खांद्यावरून घेतात हे बघून शेवंतेनं त्यांना मनातल्या मनात नापास केलं. त्यांनीही आमच्याकडं बघून काहीतरी म्हटलं आणि हसल्या, तेव्हा निकाल सारखाच लागला असावा.

जेवायची वेळ मला सगळ्यांत वाईट. आईचं फडकं सुटलं की खर्ड्याचा वास माझ्यापर्यंत यायचा. हातभर अंतर. आईला भाकरी गिळवत नसे. ती माझ्याकडं न बघता खायची. आणि आत्ती मला बळंच वाढायची, “खा गं, माझ्या हातचं काय कडू लागतंय व्हय?” कडू लागत नव्हतं. परत येत होतं एवढंच.

संकेश्वरात हिरण्यकेशीच्या काठी गाडी सोडली. समोरच्या घरातली एक आजी बाहेर आली आणि आम्हाला बघून “बर्री, ऊटा माड्री” म्हणाली. या, जेवा. कोण, कुठल्या, काही नाही. आमच्याकडं पाहुण्याला आधी गूळपाणी, मग गाव, मग भाऊबंद, मग जेवण. तोवर पाहुण्याची भूक मरते. तिथं आधी ताट. जोंधळ्याची भाकरी अशी पातळ की पलीकडचा माणूस ओळखू यावा, भरलेलं वांगं, शेंगांची चटणी आणि वर लोण्याचा गोळा. आजीनं एका मोठ्या परातीत भाकरी ठेवल्या आणि आम्हाला तिघींना भोवती बसवलं.

आई आत्तीकडं बघेना, आत्ती आईकडं बघेना. पण हात एकाच परातीत. संकेश्वरचं अन्न बंद म्हणून कुणी भंडारा उचलला नव्हता. आजीला कन्नडखेरीज येत नव्हतं. आत्तीला बाजारापुरतं येत होतं. आजीनं माझ्या पोटाकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं. आत्तीनं तिला एका शब्दात उत्तर दिलं.

“काय विचारते ती?” मी म्हटलं.

“इचारतीया, बाळातपणाला आईकडं चाललीस का म्हनून.” आत्तीनं भाकरीचा तुकडा मोडला. “मी म्हटलं, व्हय.”

“मग तसं कराल का आत्ती?”

“तिला बरं वाटावं म्हनून म्हटलं. गप जेव.”

आईचा हात परातीतच थांबला होता.

तवंदीचा घाट

घाट चढताना गाडी हलकी करायला आई आणि आत्ती खाली उतरल्या. शेवंतेनं उतरायला नकार दिला, कारण ती ‘गरोदर’ होती. वाडीत सगळ्या पोटुशी असतात, गरोदर हीच. गणूआप्पा म्हणाला, “बस बाई. बैल बी मनात शिव्याच देत्यात, आनि दोन दितील.” मग उतरले.

त्याच वळणावर चाक दगडावर चढलं, गाडीला हिसका बसला आणि आत्तीची घागर खाली पडून फुटली. पाणी उताराला लागलं आणि बघता बघता धुळीत जिरलं. वर चढ, ऊन डोक्यावर, आसपास विहीर नाही. राहिली आईची घागर. वरच्या वाडीच्या घरातली.

आईनं घागरीवरचं फडकं काढलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “तुज्या सासूला इचार, तहान लागलीया का.”

आत्तीचे ओठ कोरडे पडले होते. “तुज्या आईला सांग, मला तहान लागतच न्हाय. आमच्या घरान्यात न्हाईच ती.”

पुढच्या वळणाला आत्ती झाडाला टेकून उभी राहिली. रंग उतरला होता. मी रडायला लागले. गणूआप्पानं बैलांपुढं दगड लावला, आपला पितळी तांब्या आईच्या घागरीत बुडवला आणि आत्तीपुढं धरला.

“आप्पा, त्यांचं पानी न्हाय घेनार मी.”

“त्यांचं कुटलं आक्का? तांब्या कुनाचा? माझा. मी कुटला? येळ्ळूरचा. माझ्या तांब्यात पडलं मंजे येळ्ळूरचं पानी झालं. पी.”

आत्तीनं त्याच्याकडं, तांब्याकडं आणि वर आभाळाकडं पाहिलं. मग घटाघटा प्याली आणि म्हणाली, “आनि एक येळ्ळूर दे.”

आईनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती हे मला पाठीवरून कळलं.

निपाणी

निपाणी दिसायच्या आधी शिंकेतून कळते. तंबाखूच्या वखारी, तंबाखूच्या गाड्या, अंगणात तंबाखू, माणसांच्या बोलण्यात तंबाखूचा भाव. वखारीतल्या बायका नाकाला फडकं बांधून पानं झोडत होत्या. नुसते डोळे दिसत, तेही लाल. त्यांतल्या एकीनं आमची चौकशी केली आणि कलेक्टरला भेटायला आलोय म्हटल्यावर फडकं खाली घेऊन मनमोकळं हसली. “भेटला तर आमचं बी सांगा. म्हनावं, हितं येऊन एकदा श्वास घ्या.”

साहेबाचे डेरे गावाबाहेर आमराईत होते. पट्टेवाल्यानं विचारलं, “अर्ज कुठाय?”

आत्तीनं गाठोडं पुढं केलं. “ह्यो.”

“ह्ये तांदूळ हैत.”

“आमच्याकडं बाया लिवत न्हाईत. देत्यात.”

त्यानं आम्हाला एका झाडाखाली बसवलं. वकील आले, भेटून गेले. व्यापारी आले, भेटून गेले. सावली आमच्या अंगावरून सरकत पलीकडं गेली. शेवंता सारखी उठत होती, बसत होती, पाठ केलेलं भाषण पुटपुटत होती. ‘हे न्यायनिष्ठ प्रजापालका’ असं ते सुरू होत होतं. कुणी शिकवलं होतं देव जाणे.

उन्हं कलली तशी मडम फिरायला बाहेर पडली. पांढरा झगा, डोक्यावर मोठी सोला टोपी. मी वाटेत आडवी उभी राहिले आणि म्हणाले, “हे न्याय...” आणि मला उचकी लागली. पुढं काही नाहीच, नुसत्या उचक्या. प्रजापालक म्हणता म्हणता कोंबडी ओरडावी तसा आवाज निघायला लागला. मडम घाबरली. तिनं आतून पेल्यात पाणी मागवलं आणि माझ्या हातात दिलं. मी आत्तीकडं पाहिलं. आत्तीनं क्षणभर विचार केला. वरच्या वाडीचं पाणी बंद होतं. विलायतेचं बंद म्हणून कुणी शपथ घेतली नव्हती.

“पी,” ती म्हणाली. “घरात बोलू नको.”

तोवर आत्तीनं करंडा काढून मडमेला हळदकुंकू लावलंसुद्धा. मडम बेंदराच्या बैलासारखी शांत उभी राहिली. खण दिला, नारळ दिला. आता तांदूळ. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की हिला पदरच नाही. ओटी भरायची कशात?

इतक्या दिवसांच्या प्रवासात, एवढ्या गप्पांत, तिघींपैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! बाई म्हटलं की पदर असणारच, असं धरून आम्ही निपाणी गाठली होती. दोघी ओंजळी भरून तशाच उभ्या. मडमेनं आमच्या पसरलेल्या ओंजळी पाहिल्या, मग डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी करून पुढं धरली.

“तुज्या सासूला सांग, पयली मूठ आमची. वरची वाडी आधी.”

“तुज्या आईला सांग, कुकू मी लावलंय. आधी आमी.”

मी सांगणार कशी? मला उचकी. तेवढ्यात दोघींनी दोन बाजूंनी ओंजळी रिकाम्या केल्या. तांबडे आणि पांढरे दाणे टोपीत एकदमच पडले. गाठोडी संपेपर्यंत दोघी ओतत राहिल्या, जणू कोण आधी संपवतं त्याची पैज होती. टोपी काठोकाठ भरली.

मडम टोपी धरून आत गेली आणि थोड्या वेळानं साहेबच बाहेर आला. लालबुंद, उंच, हातात तीच टोपी. बरोबर त्याचा चिटणीस, धारवाडकडचा, नाकावर चष्मा. साहेबाला मराठी थोडं कळत होतं, पण आत्तीचं नाही.

आमच्या वाड्यांची नावं ऐकल्यावर चिटणीस म्हणाला, “साहेब विचारतात, चौकी उठवा असं तुमचं म्हणणं का?”

“शिपाई बसू दे की बापडा,” आत्ती म्हणाली. “त्याच्या पोटावर का येऊ आमी? पर त्यानं आल्यापासनं वढ्यात तांब्याभर पानी वाढलंय का, तेवढं इचारा.”

“चौकी शांततेसाठी आहे, बाई.”

आता आई पुढं आली. आई बाहेरच्या पुरुषाशी कधी बोलत नसे. “साहेब, डोकी पान्यापायी फुटली. डोकी राखायला सरकार पैसा घालतंय, पानी राखायला न्हाय. चौकी उठली की पोरं पुन्ना भांडनार. बांध घातला तर कशापायी भांडतील?”

साहेबानं चिटणिसाला काही सांगितलं. चिटणीस म्हणाला, “पोलिसांचं खातं वेगळं, बांधांचं वेगळं. पोलिसांच्या खात्यात पैसा आहे. बांधांच्या खात्यात नाही.”

आत्तीनं कमरेवर हात ठेवले. “एका घरात दोन कणग्या, एक भरल्याली, एक रिकामी, आनि सून उपाशी. कसली सासू म्हनायची तुमचं सरकार?”

चिटणिसानं हे कसं सांगितलं कोण जाणे. त्यानं बराच वेळ घेतला. साहेब हसला नाही. त्यानं टोपीकडं पाहिलं आणि विचारलं, दोन्ही वाड्यांची एकी आहे कशावरून? त्यांचे अर्ज तर एकमेकांविरुद्ध आहेत.

“हे काय,” आई टोपीकडं बोट करून म्हणाली. “घरटी एक मूठ हाय ह्यात. दोनी वाड्यांची.”

“कुठली मूठ कुणाची?” चिटणिसानं चष्मा वर केला.

“ते आता तुमीच निवडून बघा,” आत्ती म्हणाली.

साहेब थोडा वेळ टोपीत बोटं फिरवत राहिला. मग बोलला. चिटणीस म्हणाला, “साहेब म्हणतात, इंजिनिअरला लिहू. दोन्ही वाड्या मिळून अंगमेहनत देणार असतील तर पाहू.”

पाहू! शेवंतेला वाटलं होतं साहेब तिथल्या तिथं कुदळ उचलेल. ती रडवेली झाली. पण खरी गोष्ट अजून व्हायची होती.

ओटी भरली की भरणारीनं तिच्यातले चार दाणे परत घ्यायचे आणि आपल्या घरच्या धान्यात टाकायचे, ही आमची रीत. सगळी लक्ष्मी परघरी जाऊ नये म्हणून. ते दाणे टाकत नाहीत, ओवाळून टाकत नाहीत, घरातच जिरवायचे. मडमेनं टोपी पुढं केली तसा आत्तीचा हात सवयीनं टोपीत गेला, आणि तिथंच थांबला. मूठभर तांदळात निम्मे तांबडे होते. घ्यावे तर भंडारा मोडतो. न घ्यावे तर वाडीतल्या घराघरांतली लक्ष्मी मडमेच्या टोपीत सोडून जायची. समोर आईचाही हात टोपीतच थांबलेला.

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. निघाल्यापासून पहिल्यांदा, सरळ.

आत्तीनं मूठ मिटली, पदराला गाठ मारली. मग आईनं.

तिकटी

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही. उतार होता, गाडी पळत होती आणि गाडीत कुणी बोलत नव्हतं. ‘तुज्या आईला सांग’ नाही, ‘तुज्या सासूला सांग’ नाही. मला करमेना. मीच काहीतरी विचारायची, दोघी हूं म्हणायच्या. आत्ती अधूनमधून पदराची गाठ चाचपून बघत होती. संकेश्वरच्या आजीनं हात हलवला. तांब्यातलं येळ्ळूर आता न मागता दोघींमधे फिरत होतं.

तिकटीवर गणूआप्पानं बैल उभे केले. डावीकडं वरची वाडी, उजवीकडं खालची. चौकीचे शिपाई बाजेवर बसले होते. दोन्हीकडची माणसंही जमली होती, कारण नवस कसला ते एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. इकडं माझा दीर, कपाळावर व्रण; तिकडं माझा भाऊ, हात अजून वाकडा. मधे आम्ही.

आई उतरली. आपलं फडकं, आपली घागर घेतली. माझ्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर तिला चालवलं नसतं. वरच्या रस्त्याला लागली.

“थांबा, विहीणबाई,” आत्ती म्हणाली.

आई वळली. आत्ती गाडीतून खाली आली, मला हाताला धरून उतरवलं आणि भर रस्त्यात म्हणाली, “पदर धर.”

मी पदर पसरला. आत्तीनं गाठ सोडली आणि टोपीतले ते तांबडे-पांढरे दाणे माझ्या ओटीत घातले. सासरची ओटी, सुनेला बाळंतपणाला माहेरी धाडताना भरतात ती.

“आये, ह्ये काय?” दीर पुढं आला. “भंडारा उचललाय आपन!”

“तू उचललास. मी ह्ये आनलंय. कलेक्टरच्या मडमेच्या ओटीतलं, आपल्या वाडीतल्या घराघराचं. ह्यात त्यांचं कुटलं, आपलं कुटलं, निवड बघू. निवडून दे, मग मी तुझं ऐकतो.”

दिरानं माझ्या पदरात पाहिलं. मग तो मागं सरला.

“सातव्यात धाडायची रीत हाय, विहीणबाई,” आत्ती आईला म्हणाली. “पर तोवर ह्या बाप्यांची डोकी कुटं जातील सांगता येत न्हाय. आत्ताच न्या. पेज द्या तिला, तांबडी. वाटभर नुस्ती तुमच्या गाठुड्याचा वास घेत होती, मला काय कळत न्हाय व्हय?”

एक शिपाई बाजेवरून उठून उभा राहिला. काहीतरी घडतंय हे त्याला कळलं असावं, पण त्यावर कुठलं कलम लावायचं ते कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी आईनं ओटीतले दाणे तांबड्या तांदळात टाकून पेज केली. मी दोन वाट्या प्याले आणि सगळी ओकले. डोहाळे संपले होते म्हणे. मुलगी मात्र माहेरीच झाली.

बांध काही लगेच झाला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक थंडीत आम्ही साहेबाचे डेरे शोधत जात होतो, दर वेळी जास्त बायका, दर वेळी दोन्ही वाड्यांच्या मुठी. साहेब बदलत गेले, ‘पाहू’ तेच राहिलं. शेवटी कंटाळून म्हणा, बांधांच्या खात्यात पैसा आला. मुलगी घागर घेऊन माझ्या मागून यायला लागली होती त्या वर्षी दोन्ही वाड्यांनी मिळून माती टाकली. दीर आणि भाऊ एकाच पाटीच्या दोन कानांना धरून होते, एकमेकांशी न बोलता. चौकीत आता आम्ही बियाणं ठेवतो.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण हल्ली जीव पुन्हा थाऱ्यावर नाही. नात रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते: इथं पलटण पाठवली, तिथं ज्यादा पोलीस बसवले, शांततेसाठी. आमच्या बांधालाही एक भोक पडलंय, आणि वरच्यांची पोरं खालच्यांच्या पोरांकडं बघून मिशीवर हात फिरवायला लागली आहेत. इंग्रज चालला, आपलं राज्य आलं. नवे साहेब बेळगावात बसतील, असं ऐकते. ते बसलेले सापडायचे नाहीत हे मला ठाऊक आहे. पण नात म्हणते, आजी, ते सगळे टोप्या घालतात, पांढऱ्या.

बरं झालं. तेवढा एक प्रश्न मिटला. आईच्या आणि आत्तीच्या वाटणीची ओंजळ आता मलाच टाकायची आहे. घराघरातून मुठी यायला लागल्यात आणि गणूआप्पाच्या मुलाला गाडी जुंपायला सांगितली आहे.